भांडण अंगणात, समेट माजघरात

पालक सभेला येता तेव्हा तुमची तक्रार ठरलेली असते. “बाई, पोरगं लय उलट बोलतंय. ऐकतच नाही कुणाचं. तुम्हीच दोन ठेवून द्या.” दोन ठेवून द्यायला कायद्याने बंदी आहे, शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली होऊनही बरीच वर्षं झाली. आणि बंदी नसती, तर ते दोन पोराला द्यावेत की तुम्हाला, हा माझ्यापुढे प्रश्न पडला असता. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली. तुमच्यातल्या कित्येकांना मीच बाराखडी गिरवायला लावली आहे. तेव्हा आज भीड ठेवून बोलणार नाही. राग आला तर येऊ द्या.

वर्गात काय दिसतं ते आधी ऐका. साधा खोडरबर. त्यावरून दोघांचं वाजतं. एक मुलगा समोरच्याचं दप्तर उचलून भिरकावतो. एक मुलगी काही बोलत नाही, पण पुढचे आठ दिवस त्या मैत्रिणीकडे पाठ करून डबा खाते. एक मुलगा लगेच “घे, तूच घे” म्हणून मोकळा होतो. खोडरबर त्याचाच असतो तरी. आणि एक जण माझ्या टेबलाशी येऊन दोन्ही बाजूंची चुगली करतो, तीही तिखटमीठ लावून. दहा-दहा वर्षांची ही मुलं. पुस्तकात हा धडा नाही, मी शिकवलेला नाही. तुमची घरं मला माहीत आहेत, म्हणून मला नवल वाटत नाही. पहिल्याच्या घरी भरलं ताट भिंतीवर जातं. दुसरीच्या घरी अबोला धरतात. तिसऱ्याच्या घरी दर वेळी आईच गप्प बसते. चौथ्याला घरात कामच ते दिलेलं आहे: “आजीकडं जाऊन तुझा बाप काय बोलला ते ऐकून ये.”

प्रत्येक दांडगं पोर भांडखोर घरातूनच येतं असं मी म्हणणार नाही. काही उपजतच दांडगी असतात आणि पुढे चांगली निघतात. मी त्यांच्याबद्दल बोलत नाही.

आता तुमचं उत्तर मला पाठ आहे. “बाई, घरोघरी मातीच्या चुली. भांड्याला भांडं लागायचंच.” लागू द्या की! भांडू नका असं सांगायला मी उभी राहिलेली नाही. दोन माणसं एका छपराखाली राहतात, एका पगारात भागवतात, एका म्हाताऱ्या सासूचं औषधपाणी बघतात, तिथे मतभेद होणारच. होऊ नयेत असं मला वाटतही नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तुम्ही भांडता ते अंगणात, आणि मिटवता ते माजघरात. भांडण पोरांना अथपासून इतिपर्यंत ऐकू येतं. समेट मात्र रात्री पोरं झोपल्यावर, कुजबुजत. सकाळी पोरगं उठतं तेव्हा आई चहा देत असते आणि बाप मुकाट पीत असतो. काल रात्री “आता या घरात राहणार नाही” म्हणालेली आई राहिली कशी, बापाने आवाज कसा खाली आणला, आधी कोण बोललं, काय बोललं, कुणी काय सोडलं, यातलं त्याला काही कळत नाही. अर्धाच धडा शिकवता आणि परीक्षा पूर्ण धड्याची घेता. मग ते पोरगं वर्गात भांडण सुरू करायला हुशार आणि संपवायला ढ निघालं, तर दोष माझ्या शिकवण्याचा?

हे माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाही. अमेरिकेत नोत्र दाम विद्यापीठातले मार्क कमिंग्ज आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं हेच तपासत आले. त्यांनी मुलांना मोठ्यांची भांडणं दाखवली. काही मिटलेली, काही अर्धवट सोडलेली, काही मुळीच न मिटलेली. न मिटलेल्या भांडणाने मुलं बिथरतात. तेच भांडण त्यांच्यादेखत नीट मिटलं, तर त्यांची घालमेल पुष्कळ उतरते. एवढंच काय, भांडण दाराआड मिटलं आणि नंतर मुलांना तसं सांगितलं, तरी फरक पडतो. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली, ती आपल्याकडच्या बायाबापड्यांनी नीट ऐकावी: आरडाओरडा न करता नुसतं तोंड फिरवून बसलं, तरी मुलांना ते भांडणच कळतं.

म्हणजे अबोला. आमच्या भागातलं हे मोठं आवडतं हत्यार. “आम्ही पोरांसमोर कधी शब्दाने शब्द वाढवत नाही” असं सांगणाऱ्या बाईच्या घरी नवऱ्याशी पंधरा-पंधरा दिवस बोलणं बंद असतं, हे मला तिच्या मुलीच्या वहीवरून कळतं. अक्षर बिघडतं. गृहपाठावर सही कुणाची घ्यायची हा प्रश्न पडतो, कारण एकाची घेतली तर दुसऱ्याला राग. त्यात पुन्हा पोरांनाच टपालवाला करता. “तुझ्या पप्पांना सांग, गॅस संपलाय.” पप्पा चार हातांवर बसलेले! “तुझ्या आईला सांग, कमावून आण म्हणावं.” हे दुसरं वाक्य सात वर्षांच्या मुलाने आईला कसं सांगायचं? शब्द तसेच्या तसे सांगितले तर आईचा मार, गाळून सांगितले तर बापाचा. ते पोरगं तिथे एकच गोष्ट शिकतं: खरं बोलणं धोक्याचं असतं. मग शाळेत खोटं बोलतं म्हणून तुम्ही माझ्याकडे कपाळाला हात लावून येता.

शिक्षकांच्या खोलीतही अबोले असतात, हे मला ठाऊक आहे. तिथल्या लोकांनाही हेच लागू आहे. त्यांनी फार हसू नये.

काही घरांचा थाट आणखी वेगळा. “बाई, आमच्यात भांडण हा प्रकारच नाही.” का नाही? कारण घरात एकाच माणसाचं मत चालतं. दुसरीने तोंड उघडायचं नाही असा रिवाज आहे. ट्रॅक्टर घ्यायचा, पोरीची शाळा सोडवायची, गुंठे विकायचे, सगळं ओट्यावर ठरतं आणि चुलीपाशी कळतं. याला शांतता म्हणू नका. त्या घरातला मुलगा शिकतो की बायकोला विचारायचं नसतं. मुलगी शिकते की आपल्याला काही वाटलं तरी ते गिळायचं असतं. दहावीनंतर “तुला काय शिकायचंय?” असं विचारलं की अशा घरातल्या मुली माझ्याकडे बघतच राहतात. हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारलेला असतो. मला भांडखोर घरापेक्षा या मुक्या घराची चिंता जास्त वाटते.

मारहाणीबद्दल लांबण लावत नाही. हात उचलणं हा मतभेदाचा प्रकार नव्हे, तो गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बाईसाठी १८१ आणि पोरासाठी १०९८ हे नंबर आहेत. ते पाठ करा आणि पोरांनाही पाठ करायला लावा. दारू पिऊन आलो होतो ही सबब माझ्यापुढे सांगू नका.

आता भावकीकडे वळते, कारण या दोन तालुक्यांत नवरा-बायकोच्या भांडणाची मुळं पुष्कळदा बांधावर असतात. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. एवढी धरणं आपल्या खोऱ्यांनी अंगावर घेतली. चांगली चांगली खाचरं पाण्याखाली गेली. उरली ती डोंगरउताराची, तुकड्या-तुकड्यांची. आता त्याच तुकड्यांना भाव आला. राजगड-तोरण्याच्या पायथ्याला पुण्यामुंबईच्या लोकांना बंगले पाहिजेत, आणि पुण्याच्या रिंगरोडचा पश्चिमेकडचा पट्टा मावळातल्या उर्से गावापासून आपल्या केळवड्यापर्यंत आखलेला आहे. ज्या गुंठ्याकडे आजोबांनी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्याच्या मोबदल्यावरून नातवांच्या बापांची डोकी फुटतात. मोजणी, हरकत, फेरफार, प्रांतांकडे अपील. ते करा. कायदेशीर मार्ग आहे, हक्क आहे. त्याला माझी हरकत नाही.

माझी हरकत पुढच्याला आहे. चुलत भावंडं माझ्या वर्गात एका बाकावर बसायची. एके सोमवारी एक जण दप्तर उचलून मागच्या बाकावर गेला. काय झालं विचारलं तर म्हणाला, “त्येंच्याशी बोलायचं नाय, आमची केस चालूय.” आमची केस! तिसरीतलं पोरगं. त्याला सातबारा म्हणजे काय ते माहीत नाही, सात बारे चौऱ्याऐंशी एवढंच माहीत आहे. पण केस चालू आहे. त्या दाव्याचा निकाल लागेल तेव्हा ते पोरगं कदाचित मिसरूड फुटलेलं असेल, आणि निकाल कुणाच्याही बाजूने लागला तरी त्याचा भाऊ गेलेला असेल. कोर्टात जमिनीची वाटणी मागा. पोरांची वाटणी करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

पूर्वी लावणीला इर्जिक व्हायची. मुलं चिखलात उभी राहून बघायची की कालपरवा पाण्याच्या पाळीवरून तंडणारे दोन चुलते आज एकाच खाचरात वाकलेले आहेत आणि दुपारी एकाच पातेल्यातलं मटण खाताहेत. त्यांना कुणी प्रवचन दिलं नव्हतं. डोळ्यांनी दिसत होतं की भांडण असतानाही काम अडत नाही. जुन्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत. त्या काळीही विळे-कोयते निघत होते आणि सुना विहिरी जवळ करत होत्या. पण आज लावणीला रोजाने माणसं आणता, किंवा यंत्र आणता, आणि भावाचं तोंड बघायची गरजच उरत नाही. तेव्हा मुलांना समेट दिसायची ती एक जागाही गेली.

बहिणीचा विषय निघाला की मंडळी घड्याळ बघायला लागतात. म्हणून मुद्दाम काढते. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्माने हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असोत वा नसोत, हा हक्क राहतोच, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मांच्या खटल्यात स्पष्ट केलं. तरी आत्याला राखीपौर्णिमेच्या आसपास बोलावून हक्कसोडावर सही घेता. दिली तर साडी, नाही दिली तर माहेर बंद. आत्याचं येणं का थांबलं हे तुमच्या मुलीला कुणी सांगत नाही, पण तिला ते बरोबर समजतं. माहेरी प्रेम हवं असेल तर हक्क मागायचा नाही, ही शिकवण तिच्यापर्यंत पोचलेली असते. आणि आत्याला वाटा द्यावा की नको यावर तुमचं नवरा-बायकोचं मत वेगळं असेल, तर तेही पोरांसमोर नीट बोला ना! वडिलांना एक वाटतं, आईला दुसरं वाटतं, दोघांनी कारणं सांगितली आणि मग ठरवलं, असं एकदा तरी पोरांनी बघू दे.

गावाच्या कमानीवर मात्र आपण तंटामुक्त! महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. आर. आर. पाटील गृहमंत्री होते. योजना चांगली होती. ठाण्यापर्यंत जाणारे पुष्कळ वाद गावातच चार माणसांत बसून मिटवण्याची सोय त्यात होती. काही गावांनी मनापासून केलं, त्यांना माझा नमस्कार. पण समितीच्या अध्यक्षपदावरूनच तंटा लागलेली गावंही आपण पाहिली. आणि जो गृहस्थ दुसऱ्यांचे तंटे मिटवायला पारावर बसतो, त्याची बायको घरी भाकरी थापताना डोळे पुसत असते, हेही पाहिलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

“पोरांना काय कळतंय” हे वाक्य तर आता बंदच करा. ऑरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा ते बारा महिन्यांची बाळं झोपेत असताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली आणि त्यांना वेगवेगळ्या सुरातले आवाज ऐकवले. झोपलेल्या बाळाचा मेंदूही रागाच्या सुराला वेगळा प्रतिसाद देत होता, आणि ज्यांच्या घरी आईबापांचा तंटा जास्त, त्यांच्यात तो अधिक ठळक होता. २०१३ साली हे छापून आलं. पाळण्यातल्याला कळतं, मग तुमच्या पाचवीतल्याला कळणार नाही?

ज्यांचा धनी मुंबईला माथाडीत आहे, किंवा शिरवळच्या कंपनीत पाळीवर आहे, त्यांचं भांडण आता फोनवर चालतं. तेही स्पीकरवर, कारण हातात लाटणं असतं. बापाचा चेहरा महिन्यातून एकदा, पण बापाची शिवी रोज रात्री साडेनऊला. आणि तो सुटीवर आला, यात्रेला किंवा गणपतीला, की महिन्याभराचं साचलेलं पहिल्याच रात्री बाहेर काढता. पोरगं कधीपासून दिवस मोजत असतं हो! दोन दिवस त्याला त्याचा बाप मिळू द्या. हिशेब तिसऱ्या दिवशी करा. घर चालवणं कठीण आहे, मला कळतं. पाळीवरून आलेल्या माणसाचं डोकं ठणकतं, पाणी भरून आलेल्या बाईचा खांदा दुखतो. म्हणून मी तुम्हाला न चिडण्याचा उपदेश करत नाही. चिडा. पण चिडल्यानंतर काय करायचं ते पोरांना दाखवायची जबाबदारी तुमची आहे.

तुम्ही भाषणात मावळचे वारसदार म्हणवून घेता, शिवजयंतीला भगवे फेटे बांधता. मग वारसा पुरता घ्या. रोहिडखोऱ्यातले जेधे आणि हिरडस मावळातले बांदल यांचं जुनं वैर होतं, रक्त सांडलेलं वैर. १६५९ मध्ये अफजलखान चालून आला, कान्होजी जेध्यांना विजापूरचं फर्मान आलं. तेव्हा ते आपल्या पाचही मुलांना घेऊन शिवाजी महाराजांपुढे गेले, फर्मान दाखवलं आणि कुणाच्या बाजूने उभं राहायचं ते तिथेच बोलून दाखवलं. पाच मुलांच्या देखत. पुढच्या वर्षी घोडखिंडीत बांदलांनी पराक्रमाची शर्थ केली. दरबारातल्या मानाचं पहिलं पान तोवर जेध्यांकडे होतं. ते बांदलांना दिलं गेलं आणि जेध्यांनी ते मान्य केलं. जुन्या वैऱ्यासाठी मान सोडला, तोही चारचौघांत, रात्री गुपचूप नव्हे. आंबवड्याला कान्होजींच्या समाधीवर हार घालता ना? मग सख्ख्या भावाला दोन गुंठ्यांवरून “चुकलं माझं” म्हणताना जीभ का अडखळते?

उपाय विचारू नका, उपाय सोपे आहेत म्हणून तर राग येतो. मुलांसमोर आवाज चढला असेल, तर मुलांसमोरच खाली आणा. “मघाशी मी फार बोललो, तसं बोलायला नको होतं” हे वाक्य बायकोला उद्देशून आणि पोरांना ऐकू जाईल असं म्हणा. बायकांनो, तुम्हीही. तुम्हाला सूट नाही. मिटलं नसेल तर तसं सांगा: “आमचं अजून पटलेलं नाही, रविवारी बसून बोलू, तुझा यात काही दोष नाही.” शेवटचे शब्द विसरू नका, लहान मुलं आईबापांच्या भांडणाचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतात आणि कुणाला सांगत नाहीत. पोराला पंच करू नका, “सांग, कोणाचं बरोबर?” हा प्रश्न त्याला कधीही विचारू नका. निरोप द्यायला स्वतःला तोंड आहे, ते वापरा. आजीआजोबांनी सुनेबद्दलचं बोलणं नातवाच्या कानात ओतू नये. आणि जिथे काहीच जमत नाही आणि वेगळं व्हायचं ठरलं आहे, तिथेही पोरापुढे दुसऱ्याला नावं ठेवू नका. लग्न मोडलं तरी त्याची आई आणि त्याचा बाप तेच राहतात.

खोटं मात्र करू नका. मनात विस्तव ठेवून पोरांपुढे “आमचं काही नाही गं” म्हणत हसलात, तर पोरं त्या हसण्यालाही घाबरतात.

सहामाही परीक्षा संपली की दिवाळीची सुट्टी लागेल. ज्यांच्या घरच्या केशी चालू आहेत, त्यांनी त्या खुशाल चालवाव्यात. पण भाऊबिजेच्या आत फराळाचं एक ताट भावाच्या घरी गेलं पाहिजे, आणि आत्याला फोन गेला पाहिजे, सहीचा विषय न काढता. ताट पोरांच्या हातात देऊन ओट्यावर बसून राहू नका. पोरांना बरोबर घ्या आणि स्वतः जा.